पीडीपी-७ वर युनिक्स पुन्हा कसे उभे राहिले, आणि मराठी फायलींचे काय?

#धागा #संगणकाचा_इतिहास

२०१९ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या एका संगणक-संग्रहालयात कपाटांच्या रांगेएवढे एक यंत्र सुरू करण्यात आले. यंत्राचे नाव पीडीपी-७. त्यावर चालवून दाखवलेली ऑपरेटिंग सिस्टिम होती युनिक्स, तीही तिच्या अगदी बालपणीची, १९७० च्या आसपासची. ज्या जातीच्या यंत्रावर ती जन्मली, त्या जातीच्या यंत्रावर ती पुन्हा चालायला जवळपास पन्नास वर्षे जावी लागली.

आजचे अँड्रॉइड फोन ज्यावर उभे आहेत ते लिनक्स युनिक्सच्या धर्तीवर घडले आणि आयफोनच्या मुळाशी युनिक्सचीच एक शाखा आहे. हा धागा ज्या पडद्यावर वाचला जात आहे, त्याचे कूळ बहुधा तेथवर पोचते. तरीही या मूळपुरुषाला जागे करणे इतके अवघड का ठरले, हा प्रश्न हौशी मंडळींपुरता नाही. त्याची एक शाखा थेट मराठी प्रकाशकांच्या माळ्यावर येऊन थांबते.

आधी थोडी पूर्वपीठिका. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था होती. मल्टिक्स नावाच्या एका महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून तिने १९६९ मध्ये अंग काढून घेतले. त्या प्रकल्पावर काम केलेल्या केन थॉम्पसन यांच्यापाशी कल्पना पुष्कळ होत्या. त्या चालवायला यंत्र नव्हते. त्यांनी लिहिलेला अंतराळप्रवासाचा एक खेळ मोठ्या संगणकावर खेळायचा, तर एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा यंत्रवेळ खर्ची पडे. कोपऱ्यात एक पीडीपी-७ फारसा वापर नसलेला पडून होता. खेळ तिकडे हलला.

त्या उन्हाळ्यात थॉम्पसन यांच्या पत्नी लहानग्या मुलाला घेऊन तीन आठवडे सासरी, कॅलिफोर्नियाला गेल्या. थॉम्पसन यांच्याच सांगण्यानुसार त्या तीन आठवड्यांत उरलेले तुकडे जुळून आले आणि ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली. संगणकशास्त्राच्या इतिहासात सासू-सासऱ्यांचे आभार कोणी मानल्याचे दिसत नाही. मानायला हरकत नव्हती.

पीडीपी-७ ची स्मृती किती? १८ बिटांचे एक, असे ८१९२ शब्द. आजच्या हिशेबाने १८ किलोबाइट. हा धागा यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने देवनागरीत साठवला तर त्या स्मृतीत मावणार नाही. तिचा निम्मा भाग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला आणि निम्मा वापरकर्त्याच्या कामाला, एवढ्यात सारा संसार होता.

आता 'बूट' या शब्दाकडे. यंत्र सुरू झाले की त्याने प्रणाली स्मृतीत आणायची असते. पण 'आण' हे सांगणारा आदेशही स्मृतीतच असावा लागतो. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, असा हा पेच. स्वतःच्या बुटाची नाडी ओढून स्वतःलाच उचलण्याच्या इंग्रजी विनोदावरून हे नाव पडले. आजच्या संगणकात ही पहिली किल्ली एका कायमस्वरूपी चिपमध्ये बसवलेली असते. पीडीपी-७ मध्ये तशी चिप नव्हती. छिद्रे पाडलेली कागदी फीत वाचकयंत्रात लावायची, दर्शनी फलकावरच्या खटक्यांनी पत्ता भरायचा आणि कळ दाबायची. फीत सरकते, छिद्रे वाचली जातात, आणि त्यातून आलेली आज्ञावली पुढचा कारभार हाती घेते.

फीत आहे, यंत्र आहे, तर अडचण काय? अडचण अशी की फितीवर भरायचे काय, तेच हाती नव्हते. त्या काळची चालती प्रत कोणी जपली नव्हती. जपण्यासारखे काही घडते आहे असे तेव्हा कोणाला वाटलेही नव्हते. लवकरच पीडीपी-११ हे नवे यंत्र आले, युनिक्स त्यावर गेले आणि जुने मागे पडले. भाड्याचे घर सोडताना भिंतीवरचे कॅलेंडर तसेच राहून जावे, तसे.

उरले ते कागद. असेंब्ली भाषेतल्या आज्ञावलीच्या छापील याद्या काही माणसांनी आणि त्यांच्या छायाप्रतींनी वाचवल्या. २०१६ मध्ये त्यांचे स्कॅन पुढे आले आणि ऑस्ट्रेलियाचे वॉरन टूमी व युनिक्स हेरिटेज सोसायटीतील स्वयंसेवकांनी ते अक्षर अक्षर पुन्हा टंकित करायला घेतले. पुसट छपाईत शून्य कोणते आणि आठ कोणता? येथे स्वल्पविराम आहे की कागदावरचा डाग? असेंब्लीत एक अंक चुकला तर वाक्य केवळ अशुद्ध होत नाही. यंत्र भलत्याच वाटेने जाते.

हे काम मराठी वाचकाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, ती १२५९ हस्तलिखितांच्या आधारे. पाठभेद लावणे, प्रक्षिप्त भाग बाजूला काढणे, जेथे पाठ निश्चित नाही तेथे नागमोडी रेघ देऊन तसे प्रामाणिकपणे दाखवणे: पाठचिकित्सेची ही शिस्त येथे फार पूर्वीच रुजली. पीडीपी-७ च्या मंडळींनी केले ते याच जातीचे. फरक एकच, पण मोठा. त्यांच्या पाठाचा अंतिम न्याय विद्वान करणार नव्हता. यंत्र करणार होते. पाठ बरोबर असेल तर सिस्टिम उभी राहील, नसेल तर राहणार नाही.

आणि यंत्राने जे उघड केले ते वाचनाने कधीच उघड झाले नसते. सापडलेल्या कागदांत शेल नव्हते, म्हणजे वापरकर्त्याची आज्ञा ऐकून ती पाळणारा भागच नव्हता. घर होते, दार नव्हते. डेनिस रिची यांनी पुढे लिहून ठेवलेल्या वर्णनावरून ते नव्याने लिहावे लागले. मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने, रिची यांच्या कागदपत्रांतील 'युनिक्स बुक टू' अशी पुसट चिठ्ठी असलेली एक काळी फाइल प्रसिद्ध केली. तीत सुमारे १९० पाने होती. कागद आधी अपुरा होता, हे त्यापूर्वीच कळले होते. कारण कोणीतरी तो चालवून पाहिला होता.

येथे शुद्धतावाद्यांचा आक्षेप येतो. शेल नव्याने लिहिलेले, तर मग हे 'मूळ' युनिक्स कसे? सिअ‍ॅटलच्या यंत्राला जोडायची त्या काळची चकतीही उपलब्ध नव्हती; तिच्या जागी तिचे सोंग वठवणारे आधुनिक उपकरण बनवून जोडले होते. शिवाय ज्यांना लोखंड नको त्यांच्यासाठी सिमएच हा इम्युलेटर आहेच. पीडीपी-७ ची नक्कल करणारी ही आज्ञावली साध्या लॅपटॉपवर चालते. तर मग खरे कोणते?

हा वाद जितका गाजवला जातो तितका तो महत्त्वाचा नाही. जीर्णोद्धारात नवा दगड बसवावाच लागतो. तो जुना म्हणून खपवला नाही म्हणजे झाले. खऱ्या यंत्रावरचा बूट ही परीक्षा आहे आणि इम्युलेटर हे वास्तव्य. परीक्षा एकदा झाली तरी पुरते, राहायला मात्र रोज जागा लागते.

याचा पुरावा फार लवकर आणि फार कटू रीतीने मिळाला. सिअ‍ॅटलचे ते संग्रहालय, लिव्हिंग कॉम्प्युटर्स, हे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी उभारलेले. जुनी यंत्रे काचेआड न ठेवता चालू ठेवायची, हे त्याचे ब्रीद. अ‍ॅलन २०१८ मध्ये निवर्तले. २०२० मध्ये महासाथीत दार बंद झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही असे जाहीर झाले आणि संग्रहातील अनेक वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या. एका धनिकाच्या आवडीवर टेकलेले जतन त्याच्या मृत्यूपत्रापुढे फार काळ टिकले नाही. पण त्या युनिक्सच्या फायली आज कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि घरबसल्या चालवू शकतो.

कायद्याचा प्रश्न याहून अवघड. १९७६ मध्ये न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या कर्नलवर टीकाग्रंथ लिहिला, जुन्या अर्थाने टीका, म्हणजे ओळीओळींवरचे भाष्य. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात ती आज्ञावली शिकवण्यास मनाई केली. मग त्या ग्रंथाच्या छायाप्रतींच्या छायाप्रती जगभर फिरल्या. राजमान्य प्रकाशन व्हायला १९९६ उजाडले. प्राचीन युनिक्स आवृत्त्यांना मोकळा परवाना मिळाला तो २००२ मध्ये. तोवर या वारशाचा मोठा भाग जिवंत राहिला तो नियम वाकवणाऱ्या, टाकून द्यायला सांगितलेले न टाकणाऱ्या माणसांमुळे. ही अभिमानाने सांगावी अशी व्यवस्था नव्हे.

२०२५ चे उदाहरण ताजे आहे. युटा विद्यापीठात साठवणीची खोली आवरताना एक चुंबकीय फीत सापडली. बेल लॅब्जकडून आलेले मूळ युनिक्स, चौथी आवृत्ती, अशी तिच्यावर हस्ताक्षरातली नोंद होती. १९७३ ची ही आवृत्ती, सी भाषेत कर्नल लिहिलेली पहिली. काही तुकडे सोडल्यास तिचा पत्ता नव्हता. डिसेंबरमध्ये ती फीत वाचली गेली आणि आतले युनिक्स पुन्हा चालले. पन्नास वर्षे एका फडताळात! कोणी एखाद्या उत्साही सकाळी ते फडताळ रिकामे केले असते तर?

आणि आता माळ्याकडे.

१९९० च्या दशकात मराठी मुद्रणाने खिळे सोडून संगणक धरला. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि १९९१ चे इस्की हे मानक हाताशी होते. पण छपाईच्या धंद्यात चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे आपापल्या मांडणीचे फॉन्ट. त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवला जात नसे. रोमन अक्षराच्या वा चिन्हाच्या जागी त्याचे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी कादंबरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो.

त्यात कित्येक संचांना डोंगल लागे. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला खोचायचे ते बोटभर कुलूप. ते नसेल तर आज्ञावली चालत नाही. ते असेल तर आजच्या संगणकाला तो पोर्टच नाही. मांडणी पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ ची. म्हणजे एखाद्या प्रकाशकाला १९९७ चे स्वतःचेच पुस्तक जसे होते तसे उघडायचे असेल, तर विंडोज ९८ चालणारा जुना संगणक, शाबूत डोंगल, तेव्हाचे फॉन्ट आणि वाचता येणारी फ्लॉपी किंवा सीडी, एवढे सगळे एकाच टेबलावर जमावे लागते. पीडीपी-७ च्या कहाणीपासून हे फार दूर नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, ती वापरावीच. पण पहिली वेलांटी त्या फॉन्टांत व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडचा क्रम नेमका उलटा. जोडाक्षरात ही जागा चुकते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि हजार पानांत अशा किती जागा आहेत हे रूपांतर झालेल्या फायलीकडे पाहून कळत नाही. ते पडताळायला मूळ फाइल मूळ साधनात उघडून शेजारी ठेवावी लागते. छापील प्रत असेल तर तीही चालेल. पण त्या काळातल्या अनेक दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, संस्थांच्या अहवालांच्या प्रती आज कोणाच्या कपाटात असतील तर असतील.

तेव्हा जुना संगणक भंगारात देताना त्याची किंमत वजनावर करण्यापूर्वी त्यातल्या चकतीची पूर्ण प्रतिमा काढणे, फॉन्ट व आज्ञावल्या त्यांच्या आवृत्तिक्रमांकासह ठेवणे, डोंगल वेगळा न करणे, आणि ते सारे एकदा इम्युलेटरमध्ये सुरू करून पाहणे ही कामे कोणाची तरी असली पाहिजेत. विद्यापीठांची ग्रंथालये आणि साहित्यसंस्था हस्तलिखितांची सूची करतात. फ्लॉप्यांची सूचीही त्याच ग्रंथपालाच्या टेबलावर शोभेल. बंद पडलेल्या कंपन्यांच्या आज्ञावल्या जतनासाठी चालवून पाहण्याची स्पष्ट मुभाही कायद्याने द्यायला हवी. नाहीतर येथेही छायाप्रतींवरच भिस्त राहील, आणि डोंगलची छायाप्रत निघत नाही.

टूमी आणि मंडळींना एक सवलत होती. थॉम्पसन हयात होते, त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय हयात होते. ही ओळ अशी का लिहिली, हे सांगू शकणारे साक्षीदार होते. मराठी अक्षरजुळणीचे तसे साक्षीदारही आहेत. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, गिरगावात, कोल्हापुरात, नागपुरात ज्यांनी त्या काळी पानेच्या पाने जुळवली, त्या डीटीपी करणाऱ्यांपैकी अनेकजण आज निवृत्तीला आले आहेत. कोणत्या कळीवर 'ज्ञ' होता हे त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे.