अंतरपाट आणि ऑटोफोकस

होस्टेलवर वाद घालायला विषय लागत नाही, नुसता चहा लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री, अर्ध्या शीट्स कोऱ्या असताना, आमच्या विंगमध्ये असाच एक वाद पेटला. निमित्त फेस्टिवलच्या फोटोग्राफी टीमचं. एकाने फोर्टातल्या बोरा बाजारातून सेकंडहँड कॅमेरा आणला होता. तो म्हणाला, "खरा फोटोग्राफर फोकस हातानेच लावतो. ऑटोफोकस म्हणजे गाइड वाचून पास होणं." दुसरा म्हणाला, "मग तू लॉग टेबल घेऊन बस, आम्ही कॅल्क्युलेटर वापरतो." पहाटे तीनपर्यंत हेच. निकाल लागला नाही आणि शीट्सही झाल्या नाहीत.

त्या रात्री मी गप्प होतो. जे मला ओळखतात त्यांना नवल वाटलं असेल. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलो आहे, म्हणून आधी ते सांगतो आणि मग मत मांडतो.

मी विक्रोळीचा, कन्नमवार नगरातला. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक काका लग्नाचे फोटो काढायचे. बारावीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली होतो. काम काय, तर फ्लॅश धरायचा, बॅटऱ्या सांभाळायच्या आणि 'सर, जरा इकडे बघा' म्हणायचं. एका लग्नात काकांनी दुसरा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "अंतरपाट खाली येईल तेव्हा मी समोरून घेतो, तू बाजूने घे. एकच फोटो दे, पण दे."

मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, ताशा कडाडला, अंतरपाट खाली आला. नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसले. मी बटण दाबलं. मनात म्हटलं, आला!

घरी जाऊन बघतो तर काय, मागच्या पडद्यावरचे थर्माकोलचे गुलाब सुईसारखे टोकदार आणि पुढे दोन धुरकट माणसं. कॅमेऱ्याचा फोकस बिंदू फ्रेमच्या बरोबर मधोमध होता. मधोमध काय होतं? दोन डोक्यांमधली मोकळी जागा! बिंदू त्यातून आरपार गेला आणि त्याने पडदा पकडला.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कॅमेऱ्याने त्याचं काम चोख केलंय रे. नवरी कुठली हे तू त्याला सांगितलंस कुठे?"

काकांचा स्वतःचा फोटो मात्र नीट आला होता. अंतरपाट धरलेला असतानाच त्यांनी नवरीच्या चेहऱ्यावर फोकस लावून ठेवला होता आणि मग ऑटोफोकस चक्क बंद केला होता. पण यावरून काकांना ऑटोफोकसचे विरोधक समजू नका. बाकीचं अख्खं लग्न त्यांनी ऑटोफोकसवरच काढलं. साठीला आलेला माणूस, चष्म्याचा नंबर वाढलेला. ते म्हणायचे, "हा ऑटोफोकस आला आणि माझ्या धंद्याची दहा वर्षं वाढली." हाताने फोकस लावण्याला 'खरी कला' म्हणताना आपण वीस वर्षांच्या डोळ्यांनी बोलत असतो, हे विसरतो. ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्याला डोळे थकले तरी काम सोडता येत नाही.

तर प्रश्न असा : व्यावसायिक फोटोग्राफीला ऑटोफोकस पुरेसा आहे का? माझं उत्तर सरळ आहे. फोकस 'लावायला' तो पुरेसा आहे, पुष्कळदा माणसापेक्षा सरस आहे. फोकस 'कुठे' लावायचा हे ठरवायला तो पुरेसा नाही. सगळी भांडणं होतात ती या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे.

आता आपण इंजिनीअरिंगवाले आहोत, तेव्हा नुसत्या मतावर भागणार नाही. थोडं यंत्राच्या पोटात शिरू. एसएलआर कॅमेऱ्यात मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो. तो लेन्समधून आलेला थोडा प्रकाश खाली बसवलेल्या फोकस सेन्सरकडे पाठवतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या किरणांच्या तिथे दोन प्रतिमा पडतात. त्या दोघींमधलं अंतर अपेक्षेइतकं असेल तर फोकस बरोबर. कमी-जास्त असेल तर लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची, हे एका मोजमापात कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात. साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत दुसरी पद्धत असायची, काँट्रास्टची. लेन्स पुढे-मागे करत चित्र कुठे सर्वांत ठसठशीत दिसतं ते शोधायचं. आपण रेडिओचं स्टेशन लावायचो तसं. ती अचूक असते, पण हळू. दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लागते, ती म्हणजे कडा. कोरी भिंत, पांढरा अंतरपाट किंवा अंधार समोर ठेवा, दोघीही चाचपडतात.

इतिहासही फार जुना नाही. ऑटोफोकस असलेला पहिला बाजारी कॅमेरा कोनिकाने १९७७ साली आणला. १९८५ मध्ये मिनोल्टाने कॅमेऱ्यातच ऑटोफोकस बसवलेला ७००० हा एसएलआर काढला आणि खरी धावाधाव सुरू झाली. पुढे हनीवेल कंपनीने पेटंटवरून मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला बारा कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम मोजावी लागली. कॅननने तर १९८७ साली ईओएस मालिकेसाठी लेन्सचा माउंटच बदलला. जुन्या लेन्स नव्या बॉडीला बसेनात. पैसे साठवून लेन्स जमवलेल्या फोटोग्राफरांना तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करा. तरीही एवढी मोठी कंपनी हा जुगार खेळली, कारण हाताने फोकस लावण्याचा काळ संपत आल्याचं तिला दिसत होतं.

हात कुठे कमी पडतो? उत्तरासाठी लांब जायला नको. विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे गोदरेजने जपलेलं खारफुटीचं जंगल आहे आणि त्यापुढे ठाण्याची खाडी. या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. २०१५ साली खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. समजा एक रोहित ताशी ५४ किलोमीटर वेगाने सरळ तुमच्याकडे उडत येतोय. म्हणजे सेकंदाला १५ मीटर. बटण दाबल्यावर आरसा वर जाऊन पडदा उघडेपर्यंत ०.०६ सेकंद गेले असं धरा. तेवढ्यात पक्षी ९० सेंटीमीटर पुढे आला. ३०० मिलिमीटरची लेन्स, एफ ४, छोट्या आकाराचा सेन्सर आणि पक्षी ३० मीटरवर असेल, तर तीक्ष्ण दिसणारा पट्टा साधारण दीड मीटरचा, म्हणजे पुढे-मागे पाऊण-पाऊण मीटर. पक्षी पट्ट्याबाहेर! तुम्ही अचूक फोकस लावूनही फोटो हुकला.

कॅमेरा इथे काय करतो? आधीच्या मोजमापांवरून पक्ष्याचा वेग काढतो आणि पडदा उघडेल त्या क्षणी तो कुठे असेल तिथे लेन्स आधीच नेऊन ठेवतो. हे गणित दर सेकंदाला अनेकदा करतो. कुठल्याही 'खऱ्या फोटोग्राफर'च्या मनगटाने सलग वीस फोटोंत हे करून दाखवावं, मी त्याला महिनाभर मेसमध्ये गुलाबजाम देईन. वानखेडेवर हाताने फोकस लावणारे जुने फोटोग्राफर धावणाऱ्या माणसामागे लेन्स फिरवत बसण्यापेक्षा क्रीजवर आधीच फोकस लावून वाट बघायचे, ते उगाच नाही.

आता दुसरी बाजू. त्याच खाडीकाठी खंड्या खारफुटीच्या फांद्यांआड बसलेला असतो. ऑटोफोकस जवळची फांदी पकडतो. फांदीला कडा आहेत, ती जवळ आहे, तिच्यावर उजेड आहे. यंत्राच्या दृष्टीने ती फांदी खंड्यापेक्षा चांगली! तुम्हाला पक्षी हवाय, हे त्याला कोणी सांगायचं?

आणि एक चूक तर यंत्राची नसतेच, आपलीच असते. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लावायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा वळवून फ्रेम नीट करायची, ही सवय आपल्या सगळ्यांना आहे. जरा कोसाइन आठवा. पूर्ण आकाराचा सेन्सर, ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.८, माणूस २ मीटरवर. तीक्ष्ण पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा, म्हणजे पुढे ३ आणि मागे ३. कॅमेरा १० अंश वळवला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या मागे जातं. किती? २ मीटर गुणिले १ वजा कोस १०, म्हणजे ३ सेंटीमीटर. डोळा पट्ट्याच्या अगदी काठावर! त्यात तुमचा श्वास, नवरीची मान आणि कपाळावरून झुलणाऱ्या मुंडावळ्या. मग आपण म्हणतो, 'ऑटोफोकस बोगस आहे.' अरे, त्रिकोणमितीत केटी तुझी लागली आहे!

कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. बरोबर आहे. आता मिररलेस कॅमेऱ्यांत फोकसचे बिंदू थेट मुख्य सेन्सरवर जवळजवळ फ्रेमभर पसरलेले असतात. कॅमेरा चेहरा ओळखतो, डोळा ओळखतो, पक्ष्याचाही डोळा ओळखतो. माझ्या त्या फोटोतले थर्माकोलचे गुलाब आजच्या कॅमेऱ्याने पकडले नसते. कॅमेरा वळवायची गरज कमी झाली, म्हणून ती कोसाइनची चूकही कमी झाली. हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण मांडवात उभे राहून बघा. तिथे चेहरा एक नसतो. भटजी, मामा, करवल्या, अंतरपाट धरणारे, मधेच डोकावणारा कोणाचा तरी भाचा. सगळ्यांना डोळे आहेत. कॅमेऱ्याला डोळा कळतो, नातं कळत नाही. अंतरपाट खाली येताना आख्ख्या मांडवाचं लक्ष नवरीकडे असतं आणि कोपऱ्यात उभा तिचा बाप हळूच डोळे पुसत असतो. त्या क्षणी फोकस कोणावर? चांगला फोटोग्राफर तिकडे वळतो. कॅमेरा आपणहून वळत नाही, वळवला तर मात्र क्षणात फोकस लावून देतो. त्याचं काम तेवढंच आणि ते तो उत्तम करतो.

मग व्यावसायिक कोणाला म्हणायचं? माझ्या मते ज्याला 'पुन्हा एकदा करू या' असं म्हणायची सोय नसते त्याला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनात 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसोझा फ्लॅश न वापरता फोटो काढत होते. बंदूक घेतलेल्या कसाबचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि त्यांचे फोटो कोर्टापुढे आले. अशा वेळी फोटोतला चेहरा ओळखू येणं म्हणजे नुसतं सौंदर्य नसतं, तो पुरावा असतो. कोर्टात कोणी 'हाताने की ऑटो?' असं विचारत नाही. पण तो माणूस तिथे थांबला, त्याने कॅमेरा योग्य दिशेला धरला, हे कुठल्याही मोडमध्ये मिळत नाही.

म्हणून फेस्टिवलच्या टीमला माझी एक सूचना आहे. निवड करताना 'तू मॅन्युअल वापरतोस का?' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. फोकस बिंदू स्वतः हलवता येतो का? ऑटोफोकस कुठे फसेल, हे आधी सांगता येतं का? आणि फसला तर तो एका सेकंदात बंद करून हाताने लावता येतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर पोराला घ्या, मग त्याच्या गळ्यात जुना कॅमेरा असो की नवा. स्टेजवर स्मोक मशीन सुरू झालं, लाइट गेले आणि आपली नाटकाची टीम शेवटच्या प्रवेशाला आली की उपयोगी पडेल ते हेच.

आणि स्टाफमधल्या सरांना-मॅडमना एक विनंती. आपण आम्हाला प्रॅक्टिकलला रीडिंग घ्यायला शिकवता, पण मोजणारं उपकरण कुठे खोटं बोलेल हे क्वचितच शिकवता. कॅमेऱ्यावर एक प्रॅक्टिकल ठेवा. चुकलेला फोकस इतका स्पष्ट दिसतो की जर्नलमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' करायची सोयच राहत नाही.

काकांनी आता धंदा बंद केला आहे. मागच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी तो जुना फोटो अजून ठेवला आहे, असं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ठेव. गुलाब छान आलेत."