ब्रेकर कोणाचा रक्षक?

2021 च्या जानेवारीत भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत 10 नवजात बालके दगावली. अशा दुर्घटनेनंतर ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. प्रत्येक आगीचे कारण वेगळे असते, हे खरे. परंतु एक कारण आपण घरोघरी स्वहस्ते निर्माण करीत असतो.

वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या घरांतील वायरिंग दिवे आणि पंखे यांच्याच हिशेबाने झालेले असते. आता त्याच तारेवर 1,500 वॅटचे वातानुकूलन यंत्र, 1,000 वॅटची इस्त्री आणि 2,000 वॅटची विजेची शेगडी चालते. या 4,500 वॅटना 230 व्होल्टने भागले, की प्रवाह येतो सुमारे 20 अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर 10 अँपिअरचा ब्रेकर असतो. तो वारंवार पडू लागतो. मग त्या जागी 32 चा बसविला जातो. कटकट थांबते, परंतु तार तीच राहते आणि दुप्पट प्रवाहाने तिच्यातील उष्णता चौपट होते. ब्रेकर हा उपकरणाचा नव्हे, तारेचा रक्षक आहे, हेच आपण विसरतो.

आधी भार मोजावा, त्यानुसार तार निवडावी आणि तारेला सोसेल तेवढाच ब्रेकर बसवावा. मोठ्या उपकरणांना स्वतंत्र तार द्यावी. हा भागाकार शाळकरी मुलालाही जमणारा आहे. तो शाळेत शिकवला जावा आणि प्रत्येक घरात केला जावा.