खेळाडूचे पाय पाळण्यात दिसतात का?

गेल्या पालक-सभेनंतर एका आईंनी मला व्हरांड्यात गाठले. "सर, खरं खरं सांगा. आमच्या मुलात प्रोफेशनल होण्याइतकं आहे का?" मुलगा आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी. आता कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्ड खेळतो. उंची पाच फूट आठ इंच. पदवीचे शेवटचे वर्ष बाजूला ठेवून वर्षभर फक्त खेळायचे असे त्याने घरी जाहीर केले आहे. मी "आधी त्याचा खेळ पाहू द्या" असे म्हणून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही. आठवीतच वीस मुले निवडावीत आणि खेळाचा सगळा खर्च त्यांच्यावरच करावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढेही आली आहे. म्हणून दोन्ही उत्तरे येथेच देतो.

खेळाडू पारखताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, कौशल्य. गार्डला दोन्ही हातांनी ड्रिबल करता आले पाहिजे, आणि तेही मान वर ठेवून. चेंडूकडे बघत पळणाऱ्याला मोकळा साथीदार दिसतच नाही. समोरचा अंगावर आला असताना पास देता आला पाहिजे, दमल्यावरही नेम टिकला पाहिजे. दुसरी गोष्ट, शरीर. उंची, हातांची लांबी, उभी उडी, आडव्या हालचालीचा वेग. कौशल्य सरावाने वाढते. वेग आणि उडी काही प्रमाणात वाढतात. उंची मात्र मागून मिळत नाही, आणि बास्केटची कडी सगळ्यांसाठी दहा फुटांवरच असते.

मापे घेणे सोपे असते, म्हणून आपण मापांवर जास्त विसंबतो. अमेरिकेत एन.बी.ए.च्या निवडीपूर्वी खेळाडूंची उंची, हात, उडी, वेग सगळे मोजतात. २००७ साली केव्हिन ड्युरांटला सुमारे ८४ किलोचे वजन छातीवरून एकदाही उचलता आले नाही. तरी त्याची निवड दुसऱ्या क्रमांकावर झाली आणि पुढे तो जगातील अव्वल खेळाडूंमध्ये गणला गेला. आपल्या पंजाबातील सतनाम सिंग सात फुटांहून उंच. २०१५ साली डॅलस संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडले. तेथे निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एन.बी.ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

गार्डचेच उदाहरण हवे तर स्टीफन करीचे घ्या. शाळेत असताना तो इतका किरकोळ होता की वडिलांच्या कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो डेव्हिडसन या लहान कॉलेजात गेला. तिसऱ्या वर्षी देशातील सर्व कॉलेज खेळाडूंत त्याचे सरासरी गुण सर्वाधिक होते. तरीही अंगाने बारीक, उडी बेताची, अशा शंका निघतच राहिल्या. २००९ साली मिनेसोटा संघाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन गार्ड निवडले, आणि त्या दोघांत करी नव्हता. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने त्याला घेतले. पुढे त्या संघाने चार अजिंक्यपदे मिळवली. २०२१ च्या डिसेंबरात तीन गुणांच्या फेकींचा विक्रमही त्याच्या नावावर झाला.

ही गोष्ट ऐकून घरोघरी "आमचा बंड्यासुद्धा करी होईल" असे म्हटले जाते. पण गोष्टीचा उरलेला भागही सांगितला पाहिजे. करीची उंची सव्वासहा फुटांच्या आसपास आहे. आपल्या पटांगणात तो ताडासारखा दिसला असता, तेथे मात्र तो ठेंगणा. त्याचे वडील स्वतः एन.बी.ए.त खेळलेले. चेंडू खालून फेकण्याची त्याची शाळेतली सवय त्यांनी एका उन्हाळ्यात मोडली आणि फेक नव्याने बसवून घेतली. शिवाय त्या लीगमध्ये संघ ३० आणि प्रत्येकी खेळाडू साधारण १५. म्हणजे साऱ्या जगासाठी जागा साडेचारशे.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. माणूस पारखण्याची कला या गावाला नवी नाही. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांनी कित्येक पिढ्यांची शरीरे घडवली. १९२३ साली कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा याच गावच्या हिंद विजय जिमखान्याने भरवली.

क्रिकेटमधील दोन उदाहरणे तर मुलांनाही ठाऊक असतील. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईत क्रिकेट शिकला, चेन्नईच्या एम.आर.एफ. फाउंडेशनमध्ये त्याच्या गोलंदाजीला धार आली, आणि रणजी करंडकात खेळायला तो बडोद्याकडे आला. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवून करंडक जिंकला. त्या विजयात झहीरचा मोठा वाटा होता. पुढे कसोटीत त्याने ३११ बळी घेतले. दुसरा हार्दिक पंड्या. वडिलांनी मुलांच्या क्रिकेटसाठी सुरत सोडून बडोद्यात बिऱ्हाड केले आणि दोन्ही भाऊ किरण मोरे यांच्या अकादमीत शिकले. हार्दिक अठरा वर्षांचा होईपर्यंत लेगस्पिन टाकत असे. बडोदा संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक सनथ कुमार यांनी त्याला वेगवान गोलंदाजीकडे वळवले. आठवीत कोणी त्याच्या नावापुढे "फिरकी गोलंदाज" असा कायमचा शिक्का मारला असता तर?

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी शाळेचा बास्केटबॉल संघ निवडताना आठवीतील एका मुलाला मी उंचीवरून गाळले. हात सफाईदार होता, डोके शांत होते. पण मला पुढच्या महिन्यातली स्पर्धा जिंकायची होती, म्हणून मी थोराड मुले घेतली. दहावीत तो माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला. मी त्याला बोलावले, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "सर, आता संध्याकाळी क्लास असतो." त्या दोन वर्षांत त्याने चेंडूला हात लावला नव्हता. मी निवडलेले थोराड लवकर वाढले होते, इतकेच. पुढे बाकीच्यांनी त्यांना गाठले. एकाच वर्गातील दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते, हे मला पुस्तकातून माहीत होते. निवडीच्या दिवशी मात्र ते आठवले नाही.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती अशी आहे. आठवीत यादी बंद करू नका. निवड दरवर्षी नव्याने करा आणि मागे राहिलेल्यांसाठी दुसरा संघ ठेवा, त्यालाही सामने मिळू द्या. प्रत्येक मुलाची उंची, वजन, धाव आणि उडी वर्षातून दोनदा वहीत नोंदवा. आजचा आकडा फार थोडे सांगतो. तीन वर्षांच्या नोंदी पुष्कळ सांगतात. खर्च थोडा वाढेल, हे मान्य. पण ज्याला आपण खेळूच दिले नाही त्याची पारख कशी करणार?

आणि त्या आईंना उत्तर. मी आपल्या मुलाचे तीन सामने पाहिले. हात उत्तम आहे, डाव्या बाजूनेही जातो, पासही वेळेवर देतो. पण कॉलेजच्या मुलांना चकवणारी त्याची पहिली झेप रेल्वेच्या एका खेळाडूपुढे अपुरी पडली, आणि बचावात त्याच्या डोक्यावरून सहज चेंडू टाकले गेले. वीस-एकविसाव्या वर्षी उंची आता वाढायची नाही. मोठ्या व्यावसायिक स्तरावर त्याची वाट फार अरुंद आहे, हे मी गोड शब्दांत झाकणार नाही. आपल्याकडे यूबीएसारखी लीग २०१५ साली सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत थांबली. खेळाच्या जोरावर स्थिर पोट भरते ते बहुधा रेल्वे किंवा सैन्यदलासारख्या ठिकाणच्या नोकरीत, आणि पदवी हातात असली की तेथेही पुढची वाट सोपी होते.

तेव्हा पदवी सोडू नये. वर्षभर स्वतःपेक्षा सरस खेळाडूंत खेळावे, पायांच्या वेगावर काम करावे, आणि राज्याच्या निवड चाचणीला जरूर उतरावे. तेथे निवड झाली तर माझे मत चुकले म्हणून सर्वांत आधी मीच पेढे वाटीन. नाही झाली, तर आपल्या शाळेला डाव्या हाताने ड्रिबल शिकवणारा माणूस हवाच आहे. रविवारी सकाळी सात वाजता पटांगणात या म्हणावे, मी असेन.