दीडशे मिलिलिटर कोणाचे?

विश्रांतीत असलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिका व तिच्या शाखांतच राहते. तेथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले, तर वायुकोशांपर्यंत ५.२५ लिटर हवा पोहोचते. तोच माणूस धापा टाकत २५० मिलिलिटरचे ३० श्वास घेऊ लागला, तर एकूण हवा दोन्ही वेळा ७.५ लिटरच, वायुकोशांच्या वाट्याला मात्र अवघी ३ लिटर येते. छाती भात्यासारखी हलत असूनही रक्त उपाशी का राहते, हे अशा साध्या वजाबाकीने उलगडते.

पुढचे गणित अधिक गहन आहे. एवाल्ड वायबेल यांच्या १९६३ च्या प्रतिमानात श्वासमार्ग २३ वेळा दुभंगतो. साधारण सोळाव्या पिढीपर्यंत हवा प्रवाहाने जाते. पुढे एकूण छेदक्षेत्र इतके वाढते, की प्रवाह मंदावतो आणि विसरण प्रभावी ठरते. फुप्फुस ऑक्सिजन स्रवते, असे ख्रिस्तियन बोर मानत. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग व मारी क्रोग यांनी १९१० मध्ये विसरण पुरेसे असल्याचे दाखवले, ते काटेकोर मोजमापांच्या बळावर.

प्रतिमानाची विश्वासार्हता अशी त्यात घातलेल्या आकड्यांवर अवलंबून असते. ते १५० मिलिलिटरही देहयष्टीनुसार बदलतात. जबलपूरच्या चेरीतालातील रहिवाशाचे फुप्फुस निरोगी की आजारी, हे ठरवणारी पट्टी कोणाच्या मोजमापांवर बेतलेली आहे? जागतिक फुप्फुसकार्य उपक्रमाने २०१२ मध्ये ३ ते ९५ वर्षे वयोगटासाठी दिलेल्या संदर्भ-समीकरणांत भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता. पट्टी बदलली की एकाच रुग्णाचे निदान बदलू शकते.

वंशनिरपेक्ष असे एकच समीकरण सर्वांना लावावे, असा विचार अलीकडे पुढे आला आहे. त्यामागचा हेतू उचित आहे. परंतु गटाचे नाव पुसल्याने मोजमापांची उणीव भरून निघत नाही. बालपणीचे पोषण, चुलीचा धूर, रस्त्यावरची धूळ यांचा ठसा फुप्फुसांवर उमटतोच.

जबलपुरात राणी दुर्गावती विश्वविद्यालय आहे, नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गणिताचे विद्यार्थी आणि छातीविकारतज्ज्ञ यांनी एकत्र येऊन चेरीतालसारख्या वस्त्यांतील निरोगी माणसांची श्वसनचाचणी घ्यावी. समीकरणे जगभर उपलब्ध आहेत. त्यांत घालायचे येथील आकडे मात्र येथेच मोजावे लागतील.