गावचा खेळ आणि गावचे श्रोते



पावसाळा सरून फेस्तांचे दिवस आले की गोव्यात गावोगावी कपेलाजवळ मंच उभा राहतो. सकाळी मिस्सेला जे गातात त्यांतीलच काही चेहरे रात्री तियात्रात दिसतात. अशा वेळी काही शिकलेली मंडळी नाक मुरडतात. "गावच्या पोरांचे ते काय पाहायचे? याहून सरस सारे काही घरबसल्या फोनवर दिसते," असे त्यांचे म्हणणे. त्याचा आज थोडा विचार करू.

मुंबईत इटालियन संगीत नाटकमंडळीचा सहवास लाभलेल्या लुकाझिन रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी तेथेच 'इटालियन भुरगो' हा पहिला तियात्र सादर केला. पुढे मडगावच्या बोर्डा येथील जुआंव आगुस्तीन फेर्नांदिस यांनी ही कला नावारूपाला आणली. १९०४ मध्ये त्यांच्या पत्नी रेजिना स्वतः रंगमंचावर उतरल्या. तोवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. एवढ्या धाडसाला बळ कोणी दिले? तिकीट काढून समोर बसणाऱ्या साध्यासुध्या प्रेक्षकांनीच.

तियात्राची घडणही प्रेक्षकाला धरून आहे. दोन पडद्यांच्या मध्ये जी कांतारे म्हटली जातात, त्यांचा कथानकाशी संबंध असतोच असे नाही. गायक गावातील दारू, हुंडा, सरपंचाचा कारभार यांवर बोट ठेवतो आणि लोक हसत हसत "वन्स मोअर" मागतात. ज्याला तो टोमणा लागतो तोही तेथेच बसलेला असतो! हे फोनमध्ये कोठून मिळणार?

गायनवृंदाचे तेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख असलेल्या आपल्या वडिलांकडे प्रथम संगीत शिकले. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी नाव कमावले, आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यातून ते नाव घरोघरी पोहोचविले. असा कलावंत ज्या मातीत रुजतो ती माती म्हणजे गावचे चर्च, गावचे गायनशिक्षक आणि चुकत्या स्वरांनाही कान देणारे गावकरी.

शिवाय समूहगान हे शेजारधर्माचेच शिक्षण आहे. मांडो दोन सुरांत गातात. एकाने आपलाच आवाज चढविला की गोडी गेली. दुसऱ्याचे ऐकल्याखेरीज आपला सूर लागत नाही. शेताच्या बांधावरून अबोला धरलेल्या दोन घरची माणसे एका बाकावर उभी राहून गातात, तेव्हा निदान तेवढा वेळ तरी त्यांना एकमेकांचे ऐकावेच लागते.

तेव्हा येत्या फेस्ताला म्हाताऱ्यांना व मुलांना घेऊन वेळेवर जा. फुकट पासासाठी अडून बसू नका. फोन खिशात राहू द्या. संवाद विसरलेल्या पोराला हसू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला भेटून त्याच्यात काय चांगले होते ते सांगा. दोष दाखवायचे तर त्याला एकांतात दाखवा. रिकाम्या खुर्च्यांपुढे एकदा गायलेले मूल पुढच्या वर्षी सरावाला येईलच असे नाही.

गावात गाणारे थोडेच असतात. ऐकणारे मात्र आपण सर्वच होऊ शकतो.