कोणत्या जगासाठी शिक्षण? आमिश समाज आणि आतून आलेला साक्षीदार

(१)
शिक्षणाचा हेतू मुलाला जगात पुढे नेणे हाच नव्हे काय? १९६९ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या एका न्यायालयात या आशयाचा प्रश्न विचारला गेला. ते कोणत्या जगाविषयी बोलणे चालले आहे यावर अवलंबून आहे, असा साक्षीदाराच्या उत्तराचा भाव होता. साक्षीदार होते जॉन होस्टेटलर. ते आमिश समाजाचे नामांकित अभ्यासक होते आणि जन्मानेही आमिश. त्यांच्या साक्षीने काय साधले आणि काय सुटून गेले, याचा हा थ्रेड.

(२)
आधी थोडी पार्श्वभूमी. सोळाव्या शतकात युरोपात ॲनाबॅप्टिस्ट पंथ उदयाला आला. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा या पंथाला अमान्य होता. श्रद्धा जाणत्या वयात, स्वेच्छेने स्वीकारावी, हा त्याचा आग्रह. त्यापायी १५२७ साली झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवून मारण्यात आले. १६९३ च्या सुमारास याकोब आमान यांचा अधिक कडक शिस्तीचा गट वेगळा झाला. बहिष्कृतांशी कितपत संबंध ठेवावा, हा त्या फुटीतील एक प्रमुख मुद्दा होता. हेच आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्वेनियात येऊन स्थिरावू लागले.

(३)
बाहेरच्याला त्यांची घोडागाडी आणि साधे कपडे दिसतात. आत वाढलेल्याला दिसते ती ‘ओर्डनुंग’, म्हणजे बहुतांशी अलिखित आचारसंहिता. ती प्रत्येक वस्तीची मंडळी आपापसांत ठरवतात. यंत्राचा सरसकट द्वेष तिच्यात नाही. अनेक वस्त्यांत घरात टेलिफोन चालत नाही, पण शेताच्या कडेला खोपटात ठेवलेला चालतो. संवादाची सोय असावी, पण तिने घरातील माणसांची जागा घेऊ नये, असा त्यामागचा हिशेब. प्रार्थना चर्चच्या इमारतीत होत नाही, ती आळीपाळीने एकमेकांच्या घरी होते. कुणाचे कोठार जळाले तर सारा गाव मिळून नवे उभारतो.

(४)
होस्टेटलर यांचा जन्म १९१८ साली पेनसिल्वेनियातील मिफ्लिन परगण्यातला. ते लहान असतानाच वडिलांना मंडळीने बहिष्कृत केले. घरातला माणूस वाळीत पडतो तेव्हा काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते. तारुण्यात त्यांनी आमिश बाप्तिस्मा न घेता मेनोनाइट चर्चची वाट धरली. बाप्तिस्म्याची शपथ घेऊन ती मोडणाऱ्यालाच वाळीत टाकले जाते. त्यांनी शपथच घेतली नव्हती, म्हणून आप्तांचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले. १९५३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९६३ साली ‘आमिश सोसायटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

(५)
दरम्यान शाळेवरून संघर्ष पेटला होता. १९६५ साली आयोवात अधिकारी मुलांना सरकारी शाळेत न्यायला आले, तेव्हा ती मुले मक्याच्या शेतात पळाली. ते छायाचित्र देशभर गाजले. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती, तर आमिश पालक आठवीनंतर मुलांना शेतात आणि घरकामात घालत. तिघा पालकांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

(६)
माध्यमिक शाळेच्या सक्तीने मुलांच्या मनावर आघात होईल आणि अखेर हा समाजच नष्ट होईल, अशी साक्ष होस्टेटलर यांनी दिली. १५ मे १९७२ रोजी न्यायालयाने आमिश पालकांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालपत्रात या साक्षीला ठळक स्थान आहे.

(७)
मात्र न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवली. वाद पालक आणि सरकार यांच्यात चालला आहे, पण आयुष्य तर मुलांचे आहे, मग त्यांना विचारले कुणी, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. तीन मुलांपैकी एकाच मुलीने न्यायालयात आपले मत सांगितले होते. काही मुले पुढे समाज सोडतात, हे दाखवताना डग्लस यांनी आधार घेतला तो होस्टेटलर यांच्याच ग्रंथाचा. एकाच माणसाचा दाखला निकालाच्या दोन्ही बाजूंना आहे.

(८)
हा योगायोग मानू नये. आत वाढलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. हे जग किती जिव्हाळ्याचे आहे हे तो जाणतो, आणि त्यातून बाहेर पडण्याची किंमतही जाणतो. होस्टेटलर यांनी न्यायालयात पहिली गोष्ट मांडली. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याने दुसरी मांडली. एका लहान समाजाला बलाढ्य शासनापासून वाचवण्याची त्यांची तळमळ खरी होती आणि आयोवातील ते छायाचित्र पाहता समर्थनीयही होती. पण ज्या निवडीमुळे ते विद्वान झाले, ती निवड आठवीनंतर शाळा थांबलेल्या मुलाला कितपत खुली राहते, हा प्रश्न त्या साक्षीत अनुत्तरित राहिला.

(९)
डग्लस यांचा आक्षेप आधुनिक उदारमतवादाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. जाणत्या वयात, समजून उमजून होकार द्यावा, हे तर ॲनाबॅप्टिस्टांचेच मूळ तत्त्व. मान्झ यांनी त्यासाठीच प्राण दिले. होकाराला अर्थ यायचा तर नकाराची वाटही चालता येण्याजोगी हवी.

(१०)
आज आमिशांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे आणि बहुसंख्य मुले वयात आल्यावर समाजातच राहतात. हा समाज अनेकांना समाधान देतो, हे त्यातून दिसते. राहणाऱ्यांपैकी कितीजणांसमोर दुसरी वाट खरोखर होती, हे त्यातून कळत नाही. समाज टिकवण्याचा हक्क मान्य करूनही एवढे म्हणावे लागते, की कोणते जग, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार त्या जगात आयुष्य काढायचे असलेल्या मुलाचा आहे. १९७२ मध्ये दोन मुलांना तो प्रश्न विचारलाच गेला नाही.

(समाप्त)