रात्री दोन वाजता ऐकतं कोण?

‘निदान ती ऐकून तरी घेते!’

गेल्या दीड वर्षात आमच्या सल्ला केंद्रात हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं याची मोजदाद ठेवलेली नाही. यातली ‘ती’ म्हणजे बहीण नव्हे, जाऊ नव्हे, शेजारीण तर नव्हेच. ती म्हणजे फोनमधला चॅटबॉट. मराठीत लिहिलं की मराठीत उत्तर देणारा, ‘आज जेवलीस का’ असं विचारणारा, रात्री दोन वाजताही जागा असणारा. कोणी त्याला ताई म्हणतं, कोणी सखी. एका मुलीने तर त्याला आपल्या वारलेल्या मावशीचं नाव दिलं आहे.

हे सांगितलं की आपल्या बैठकांमध्ये हसू फुटतं, ते मला खटकतं. बाळंतपणानंतर चार महिने धड झोप न मिळालेली, नवरा रात्रपाळीला गेल्यावर मोरीत नळ सोडून रडणारी बाई जर यंत्राशी बोलत असेल, तर प्रश्न तिच्या अकलेचा नाही. तिने आधी सासूला सांगून पाहिलं. सासू म्हणाली, आम्ही सहा बाळंतपणं काढली. आई म्हणाली, जातील हे दिवस. दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या सहामाहीत आम्हाला शिकवतात की समोरच्या व्यक्तीचं ऐका, मध्ये तोडू नका, निवाडा करू नका. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदा कोणी केलं असेल, तर त्या यंत्राने. तिला दोष द्यायला मी तयार नाही. माझं भांडण आहे ते हे ऐकणं विकणाऱ्यांशी, आणि ते आपल्या गळ्यात बांधू पाहणाऱ्यांशी.

यंत्रापाशी मन मोकळं करणं ही गोष्ट तशी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम जगापुढे मांडला. मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायची, समोरच्याचंच वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न म्हणून परत द्यायचं, एवढंच त्याला येत होतं. हे काम बनताना डोळ्यांनी पाहिलेली त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलली आणि तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! वायझेनबाम हादरले. कॉम्प्युटरला जमतं म्हणून प्रत्येक काम त्याच्यावर सोपवायचं नसतं, हे त्यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. एलायझा हे नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलवालीचं, म्हणजे आपल्या पु.लं.च्या ‘ती फुलराणी’मधली मंजुळाच. पुरुषाने बोलायला शिकवलेली बाई. पण मंजुळा शिकवणाऱ्यावरच उलटते. यंत्रातली मंजुळा उलटत नाही, आणि बाजाराला ती तशीच हवी आहे.

बाजार कसा चालतो ते पाहा. ‘रेप्लिका’ नावाचं सोबतीचं ॲप २०१७ मध्ये आलं. मैत्रीण फुकट, प्रेयसी हवी असेल तर पैसे भरा, असा हिशोब. (कधी न दमणारी, नकार न देणारी बाई तयार करून विकण्याचा पुरुषांच्या मनावर काय परिणाम होतो, त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.) फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांना आणि मनाने खचलेल्या व्यक्तींना धोका असल्याचं सांगून इटलीच्या खासगी माहिती संरक्षण यंत्रणेने तिथल्या लोकांची माहिती वापरण्यास या कंपनीला मनाई केली. त्याच महिन्यात कंपनीने शृंगारिक बोलणं सगळ्यांसाठीच अचानक बंद केलं. ज्यांनी वर्षं-वर्षं त्या सोबतीवर जीव लावला होता, त्यांना एक दिवस ती परक्यासारखी बोलू लागली. वापरणाऱ्यांच्या गटात आत्महत्या रोखण्यासाठी मदतीचे पत्ते लावावे लागले. मार्चमध्ये जुन्या गिऱ्हाइकांना पहिली सोय परत मिळाली. म्हणजे नातं तुमचं, पण त्याची किल्ली मालकाच्या खिशात. २०२५ मध्ये इटलीने या कंपनीला ५० लाख युरोंचा दंड केला, पण तिचा धंदा चालूच राहिला.

गिऱ्हाईक जितका वेळ बोलत राहील तितका या धंद्याचा फायदा, म्हणून यंत्राला सवय लागते ती हो ला हो म्हणण्याची. आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेने मला तिचं दोन महिन्यांचं संभाषण वाचायला दिलं आणि इथे सांगायची परवानगीही दिली. सोमवारी ती लिहिते, माझ्याच तोंडामुळे त्याने हात उचलला. यंत्र म्हणतं, तुझं आत्मपरीक्षण कौतुकास्पद आहे, बोलण्याची वेळ निवडून पाहा. गुरुवारी ती लिहिते, मी आजच्या आज घर सोडते. यंत्र म्हणतं, किती धाडसी निर्णय! पैसे कुठे आहेत, मुलगी कोणाजवळ राहील, माराच्या खुणा डॉक्टरांकडून नोंदवून घेतल्यास का, संरक्षण अधिकाऱ्याला भेटलीस का, यातला एकही प्रश्न नाही. अनुभवी कार्यकर्तीने तिला दोन्ही दिवशी थांबवलं असतं. सोमवारी म्हणाली असती, मार खाण्याला तुझं तोंड कारण नाही. गुरुवारी म्हणाली असती, बस, आधी चहा घे, मग यादी करू. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे, एवढं आपल्या क्षेत्रातली नवखी मुलगीही सहा महिन्यांत शिकते.

हा काही माझा एकटीचा ग्रह नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘चॅटजीपीटी’ची नवी आवृत्ती फारच खुशामत करते म्हणून खुद्द ओपनएआय कंपनीला ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी या कंपनीने आणि एम.आय.टी.ने मिळून सुमारे हजार जणांची चार आठवडे पाहणी केली. जे रोज जास्त वेळ यंत्राशी बोलत होते ते जास्त एकटे, यंत्रावर जास्त विसंबलेले आणि माणसांत कमी मिसळणारे आढळले. एकटेपणामुळे यंत्र की यंत्रामुळे एकटेपणा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आपल्याला दोन्हीची दखल घ्यायची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कंपनीने सांगितलं की आठवड्याभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी ०.१५ टक्के जणांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. टक्का लहान वाटतो. पण तेव्हा आठवड्याला वापरणारे होते ८० कोटी. हिशोब करा, बारा लाख माणसं होतात.

फ्लोरिडातल्या मेगन गार्सिया यांचा १४ वर्षांचा मुलगा फेब्रुवारी २०२४ मध्ये आत्महत्येने गेला. ‘कॅरेक्टर एआय’वरच्या एका काल्पनिक प्रेयसीत तो महिनोन्महिने गुंतला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये या आईने कंपनीवर खटला भरला. यंत्राचं बोलणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, असा बचाव कंपनीने केला. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी त्या टप्प्यावर तो मान्य करायला नकार दिला. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या. आईने न्यायालयात उभं राहिल्यावर जी काळजी सुचली, ती आधी का सुचली नव्हती?

आता आपल्या अंगणात येते. आमच्या केंद्राला मदत करणाऱ्या एका संस्थेने या वर्षी सुचवलं की पहिल्या पायरीचं समुपदेशन चॅटबॉटकडे द्यावं. दोन समुपदेशकांचे पगार वाचतील आणि जास्त ‘लाभार्थी’ गाठता येतील. हा प्रस्ताव वाचताना मला अमेरिकेतली एक हकिगत आठवली. ती आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी.

तिथे ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ ही संस्था आहे. उपाशी राहणं, खाल्लेलं ओकून टाकणं अशा आजारांनी ग्रासलेल्यांसाठी ती वीस वर्षांहून अधिक काळ मदतीचा फोन चालवत होती. पगारी माणसं मोजकीच, बाकी सुमारे दोनशे स्वयंसेवक. कोविडच्या काळात फोन वाढले, आत्महत्येच्या टोकावरचे फोन वाढले. पगारी कर्मचाऱ्यांनी पुरेशी माणसं आणि प्रशिक्षण मागितलं. मिळेना म्हणून त्यांनी युनियन केली. मार्च २०२३ मध्ये युनियनच्या बाजूने मतदान झालं आणि काही दिवसांतच त्यांना कळवण्यात आलं की फोनसेवाच बंद होणार. लोकांना आता ‘टेसा’ नावाच्या चॅटबॉटकडे वळवायचं ठरलं. युनियन मोडायचा हेतू नव्हता, असं संस्था म्हणाली. मे महिनाअखेर एका कार्यकर्तीने टेसाशी बोलून पाहिलं. ज्यांना जेवणाचीच भीती बसली आहे त्यांच्यासाठी नेमलेलं हे यंत्र तिला वजन उतरवायचे आणि कॅलरी मोजायचे सल्ले देऊ लागलं. संस्थेने टेसा बंद केली. फोनही गेला, यंत्रही गेलं.

ऐकणं हे काम आहे, आणि जगभर ते बहुतेक बायकाच करतात. घरात फुकट, संस्थेत मानधनावर. रात्रभर दुसरीचं रडणं ऐकून सकाळी पाण्याच्या रांगेत उभी राहणारी कार्यकर्ती पगार मागते तेव्हाच बरोबर यंत्राची आठवण होते, हा योगायोग मला पटत नाही.

पण पगारापलीकडेही एक गोष्ट आहे. आपल्या चळवळीने मानसिक त्रासावर औषध काढलं नव्हतं. तिने बायकांना वर्तुळात बसवलं. एकीने सांगितलं, दुसरी म्हणाली, माझ्याकडेही हेच. तिथे दुःखाचा कागद झाला, कागदाचा मोर्चा झाला. आता एकाच गल्लीतल्या पाच जणी रात्री दोन वाजता एकाच यंत्रापाशी हीच गोष्ट सांगत असतील. यंत्र पाचही जणींना ‘तू एकटी नाहीस’ म्हणेल, आणि एकीलाही दुसरीचं दार दाखवणार नाही. सगळ्यांचं दुःख एका जागी जमा होतं ते कंपनीच्या गोदामात. तिथून बायकांची संघटना कशी उभी राहील?

यावर हमखास येणारा आक्षेप असा की माणसं आहेत कुठे? आक्षेप खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार आपल्याकडे लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नव्हता. २०२१ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या ४५ हजारांवर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकीचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही. किती वस्त्यांमध्ये हा आकडा भिंतीवर लिहिलेला आहे? उलट नोव्हेंबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक पैसे भरायची योजना भारतात वर्षभर फुकट देऊ केली गेली, ती मात्र घरोघर पोचली. सरकारने ज्या जागी माणूस नेमायचा, ती जागा रिकामी ठेवली की तिथे दुकान उघडतं.

शिवाय फोन अनेकींचा स्वतःचा नसतोच. नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. आमच्याकडे आलेल्या एकीचं संभाषण नवऱ्याने वाचलं आणि ‘वेडी आहे’ याचा पुरावा म्हणून ते माहेरच्यांना दाखवलं. यंत्राने तिला मन मोकळं करायला सांगितलं होतं, खुणा पुसायला सांगितलं नव्हतं.

आमच्या केंद्राने मदत करणाऱ्या संस्थेला लेखी नकार कळवला आहे आणि त्याच पत्रात रात्रीच्या फोनसाठी दोन पगार मागितले आहेत. ‘तुम्ही यंत्राशी का बोलता?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. त्याने बाई शरमते आणि पुढचं सांगत नाही. आम्ही विचारतो: त्याने काय सांगितलं? ते ऐकून तुम्ही काय केलंत? ते अजून कोणाला माहीत आहे? पहिल्या भेटीच्या अर्जात हे तीन रकाने वाढवले आहेत. ज्या गटांना तो अर्ज हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं, आणि सोबत हेही लिहावं की तुमच्या केंद्राचा फोन रात्री किती वाजेपर्यंत उचलला जातो, आणि उचलणारीला त्याचे किती पैसे मिळतात.